रमी, भिशी आणि दोन जामीनदार : एका घराचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून कामाचं ठिकाण, नाती आणि काही रकमा बदलल्या आहेत. घडल्याचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.

जून 2025 मध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, तासगाव भागातल्या एक बाई आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात एकट्याच आल्या. आमचं केंद्र मुळात दारूसाठी निघालेलं. नोंदणीच्या फॉर्मवर पहिला रकाना ‘रुग्णाचे नाव’, त्याखाली ‘व्यसनाचा प्रकार’ : दारू, गांजा, तंबाखू, गोळ्या, आणि तळाला ‘इतर’. पुढे ‘रोजचे प्रमाण’. मी ‘इतर’समोर ‘मोबाइलवरची रमी’ असं लिहिलं आणि नवऱ्याचं नाव विचारलं.

“ते यायचे नाहीत मॅडम. माझंच लिहा.”

“तुमचं कसं लिहू? तुम्ही कुठं खेळता?”

“मी खेळत नाही. पण झोप माझी गेलीय.”

मी त्यांचं नाव लिहिलं. ‘रोजचे प्रमाण’ कोरंच राहिलं. या प्रकरणात आमच्याकडून काही बरोबर झालं असेल तर त्यातलं पहिलं हे की आम्ही त्यांना “आधी नवऱ्याला घेऊन या” म्हणून परत पाठवलं नाही. खरं सांगायचं तर चार-पाच वर्षांपूर्वी पाठवलं असतं.

त्यांच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक मंगळसूत्राचं गंठण. उन्हाळ्यात घामानं गळ्याला हिरवट वण उठला म्हणून सोनाराला दाखवलं, तर ते बेन्टेक्सचं निघालं. खरं गंठण नवऱ्यानं सोने तारणात ठेवलं होतं आणि त्याच नक्षीचं खोटं करून पेटीत ठेवलं होतं. “नक्षीसुद्धा तीच, मॅडम. किती हिंडले असतील त्यासाठी,” असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात रागाइतकंच नवलही होतं.

दुसरी वस्तू म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली 61 पानं. नवऱ्याच्या फोनमधला सात महिन्यांच्या यूपीआय व्यवहारांचा इतिहास, पुतण्यानं काढून दिलेला. मधलंच एक पान उघडलं. रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी 200 रुपये. 2.16 ला 500. 2.31 ला 1000. 2.40 ला 2000. मग थेट सकाळी 7 वाजता 20 रुपये, चहाचे. जुगाराच्या आजाराचं वर्णन पुस्तकात वाचलं तरी कळतं, पण असं एक पान पाहिलं की जास्त कळतं. हरल्यावर रक्कम कमी व्हायला हवी, इथं ती दर वेळी वाढते. याला खेळणारे ‘वसुली’ म्हणतात. गेलेले परत आणायचे आणि मग थांबायचं.

नवरा 36 वर्षांचा, बेदाण्याच्या शीतगृहात सुपरवायझर, पगार 24,000. रात्रपाळी. माल आत गेला की रात्रभर फारसं काम नसतं. कोविडच्या काळात तीन पत्ते मित्रांशी गंमत म्हणून, मग रमी, मग पैशाची रमी. मार्च 2023 मध्ये पहिल्यांदा उघडं पडलं. तेव्हा 2 लाख 80 हजारांचं कर्ज थोरल्या भावानं द्राक्षाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, एका दिवसात फेडलं. यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तीन आठवड्यांत पुन्हा सुरू.

भाऊ वाईट नव्हता, शपथही खोटी नव्हती. पण कर्ज एकदम फिटलं की जुगाऱ्याच्या हातात दोन गोष्टी येतात : बाजारातली पत पुन्हा उभी राहते, आणि ‘शेवटी घर आहेच’ हे मनात पक्कं होतं. घरच्यांनी मायेनं केलेली मदत पुढच्या डावाचं भांडवल ठरते. हे वाक्य मी कुठल्याही बैठकीत पहिल्याच दिवशी बोलत नाही. ज्यानं बागेचे पैसे ओतले त्याला ते ऐकवणं क्रूर असतं.

पहिल्या चार भेटी बाईंच्याच झाल्या. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी ब्रिटनमध्ये जिम ऑरफर्ड आणि अ‍ॅलेक्स कोपेलो वगैरेंनी बसवलेली पाच पायऱ्यांची एक पद्धत आहे. आधी ऐकून घ्यायचं, मग नेमकी माहिती द्यायची, मग आतापर्यंत कसं निभावलं ते बघायचं, मग आधाराला कोण कोण आहे ते शोधायचं, आणि शेवटी आणखी कुठली मदत लागेल ते ठरवायचं. कागदावर साधं दिसतं. तिसऱ्या पायरीला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. घरचे लोक साधारण तीन तऱ्हेनं वागतात : सोसतात, ठाम उभे राहतात, किंवा अंग काढून घेऊन आपलं आपलं बघतात. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं नसतं, प्रत्येकाची किंमत असते. बाईंनी दोन वर्षं सोसलं होतं, मध्ये दोनदा फोन आपटून फोडला होता, आणि दोन्ही वेळा नवा फोन त्यांच्याच बेदाणा निवडण्याच्या मजुरीतून हप्त्यावर आला होता. हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या भेटीत त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “ह्यांचं कर्ज माझ्यावर येतं का?” हा प्रश्न त्यांनी महिनाभर उशाशी घेऊन काढला होता. ज्या कर्जावर त्यांची कर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही नाही, ते फेडायची जबाबदारी केवळ बायको आहे म्हणून त्यांच्यावर येत नाही. स्त्रीधन त्यांचं स्वतःचं. आम्ही त्यांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठवलं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि चौकशीसाठी 15100 हा नंबर आहे. तिथल्या वकीलबाईंनी अर्ध्या तासात जे सांगितलं त्यानं त्या रात्री त्या झोपल्या. माझ्या चार भेटींनी ते झालं नव्हतं. समुपदेशक म्हणून थोडं लागलं मनाला, पण नोंद करून ठेवते.

नवरा आला तो कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांमुळे. एकानं फोनमधल्या सगळ्या नंबरांवर त्याचा फोटो टाकून ‘फरार’ लिहिलं, त्यात मुलीच्या वर्गशिक्षिकाही होत्या. पाचव्या भेटीला तो बाईंना सोडायला आला आणि गाडीवर बाहेरच बसला. सहाव्यालाही तेच. सातव्या वेळी पाऊस होता.

जुगाराच्या विकाराला 2013 मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणानं दारू-अमली पदार्थांच्याच प्रकरणात आणून बसवलं. त्याआधी तो आवेगाच्या विकारांत होता. नऊ लक्षणं, त्यातली वर्षभरात चार असली तरी निदान होतं. याची आठ होती. आणि मग तो प्रश्न, जो विचारायला आजही माझी जीभ जड होते पण मी विचारतेच : “जीव द्यावासा वाटला होता का?” त्यानं खाली बघून मान हलवली. द्राक्षाच्या घरात फवारणीच्या औषधांची खोली असते. त्याच संध्याकाळी त्या खोलीची किल्ली थोरल्या वहिनींच्या कमरेला गेली, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या फोनमध्ये. तो दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. रात्री दोन वाजता मी उपलब्ध नसते. ती वेळच तर त्याची होती.

मग हिशेब. “तीनेक लाख असेल,” तो म्हणाला. पहिला आकडा कधीच खरा नसतो, आणि त्यावरून माणसाला खोटारडा म्हणण्यात अर्थ नसतो, त्यानं स्वतःही कधी बेरीज केलेली नसते. आम्ही कोरी वही दिली आणि दोन आठवडे दिले. वहीत असं आलं : पतसंस्था 2,00,000, सोने तारण 1,40,000, पाच अ‍ॅप मिळून 86,000, गावातला सावकार 1,50,000 महिना दहा टक्क्यांनी, हातउसने 95,000. आणि सर्वांत शेवटी, पान उलटल्यावर, भिशी 60,000.

भिशी शीतगृहातल्या बारा जणांची होती आणि पैसे याच्याकडे असायचे, कारण हा हिशेबाला चोख. हमाल, ड्रायव्हर, निवडणाऱ्या तीन बायका. बेरीज 7 लाख 31 हजार झाली तेव्हा तो गप्प होता. रडला तो भिशीच्या ओळीवर.

जुलैच्या अखेरीस बैठक घेतली. थोरला भाऊ, वहिनी, वडील म्हणजे आप्पा, आणि पतसंस्थेच्या कर्जाचे दोन्ही जामीनदार : एक चुलतभाऊ, एक शाळेपासूनचा मित्र. जामीनदारांना बोलवायचं हे आमच्या पद्धतीत बसत नव्हतं. त्यांना कुटुंबात धरायचं का, यावर आमच्यातच वाद झाला. मी म्हटलं, सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघाला की नोटीस त्यांच्याही दारात जाणार, मग ते बाहेरचे कसे? दोघंही आले. मित्राला हप्ते थकल्याचं त्याच दिवशी, आमच्या खुर्चीत बसून कळलं.

भाऊ येतानाच ठरवून आला होता. “सात लाख ना? रस्त्याकडंची दहा गुंठं काढतो. एकदाचं मिटवू.”

मी काही बोलायच्या आत आप्पांनी काठी आपटली. “दोन वर्सांमागं बी एकदाचंच मिटवलं हुतं.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि तेच म्हणाले, “मी बी आकडा लावायचो. कल्याणचा. चार आणे, आठ आणे. ओपन लावला की क्लोजपतूर वाट बघायची. तेवढ्यात माणूस शेतात जाऊन यायचा.”

1960 च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चालवलेल्या मटक्याचं हे टोक तासगावच्या शिवारापर्यंत पोचलं होतं. आप्पांनी जे सांगितलं त्यात व्यसनाच्या अभ्यासातला मोठा मुद्दा होता. दोन निकालांमधलं अंतर जितकं कमी, तितका खेळ जास्त घातक. मटक्याला दिवसातून मोजके निकाल, ओपन म्हणजे पहिला आणि क्लोज म्हणजे दुसरा; रमीला दर काही मिनिटांनी एक डाव. डोकं थंड व्हायला मध्ये शेतच नाही. आप्पाही हरलेच होते, पण मध्ये वैरण कापायला वेळ होता.

भावाला जागा विकू दिली नाही. त्याला ते आवडलं नाही आणि पुढचे दोन महिने तो माझ्याशी तुटक बोलत होता. त्याच्या वाट्याला एकच काम आलं : दर महिन्याच्या 7 तारखेला वही तपासून सही करायची. पैसे द्यायचे नाहीत. मला वाटतं ते त्याला दहा गुंठे विकण्यापेक्षा जड गेलं.

व्यवस्था अशी लागली. पगार दोघांच्या सहीनं चालणाऱ्या संयुक्त खात्यात, त्याच्या फोनवरचं यूपीआय बंद, बँकेशी जोडलेलं सिम बाईंकडे, त्याच्या खिशात रोजचे शंभर रुपये आणि साधा बटणांचा फोन. सगळं त्याच्या लेखी संमतीनं आणि सहाच महिन्यांसाठी. मुदत घालायचा आग्रह माझा होता, कारण मुदत नसली की बायको पोलीस होते आणि नवरा पोरगा. दोघांनाही ते सवयीचं व्हायला वेळ लागत नाही. मालकाला सांगून पाळी दिवसाची घेतली. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचे उपचार सुरू केले, आणि यकृताच्या तपासण्या बघून नाल्ट्रेक्सोन दिली. ही गोळी दारूच्या तलफेसाठी वापरतात, जुगारातही काहींना उपयोग होतो. आमच्याकडे दर आठवड्याला तलफेची नोंद : कधी चढली, किती चढली, किती वेळात उतरली. बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरत होती. “उतरते हेच माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “चढली की मी खेळायलाच बसायचो.”

कर्जफेडीचा क्रम ठरवताना व्याजाचं गणित सांगत होतं की सावकार आधी. त्यानं सांगितलं, भिशी आधी. आम्ही त्याचं ऐकलं. महिना 4,000 भिशीला, म्हणजे पंधरा महिने. बारा जणांसमोर उभं राहून त्यानं स्वतः सांगितलं. त्यातल्या एका बाईनं तोंडावर शिवी दिली, जी त्यानं आम्हाला शब्दशः ऐकवली. पतसंस्थेनं हप्ते लांबवून 5,000 वर आणले. सावकाराकडे परवाना नव्हता. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. अर्ज लिहून तयार झाला, द्यावा लागला नाही. अर्जाची प्रत घेऊन आप्पा एकटेच सावकाराकडे गेले आणि नुसत्या मुद्दलावर तडजोड करून आले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. अ‍ॅपपैकी दोन नोंदणीकृत वित्त कंपन्यांची निघाली, त्यांना 2,000 प्रमाणे हप्ता बांधला. उरलेल्या तिघांचा मालक सापडेना. त्यांची तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर केली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या अ‍ॅपला फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावता येत नाही, आणि वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. ही माहिती छापून आम्ही वहीतच चिकटवली.

22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव लगोलग बंद केले. बाईंचा फोन आला, आवाजात सुटका होती. मलाही बरं वाटलं, ते नाकारत नाही. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, हे मला पटतं. पण दुकान बंद झालं म्हणून उधारी मिटत नाही. आणि आमची एक चूक झाली : सप्टेंबरात दोन भेटी त्यांनी चुकवल्या आणि आम्ही “बंदच झालंय आता” म्हणून पाठपुरावा सोडला.

दिवाळीत गावात पत्ते बसतातच. पाडव्याला मित्रमंडळीत तो नुसता बघायला बसला, तिथं कुणीतरी क्रिकेटवर लावायची ‘आयडी’ दिली. फोनही त्या देणाऱ्याचाच. अशी आयडी उधारीवर चालते, आधी पॉइंट भरून मिळतात, हिशेब नंतर. म्हणजे आम्ही बंद केलेल्या यूपीआयचा तिथं काही संबंधच आला नाही. दहा दिवसांत 38,000.

बुकीचा माणूस दारात आला तेव्हा बाईंनी दार लावून घेतलं नाही, आरडाओरडाही केला नाही. “हे झोपलेत, उद्या वकिलांसमोर बोला,” म्हणाल्या. वकीलबाईंनी पुन्हा समजावलं : पैजेचा करारच 1872 च्या करार कायद्यानुसार रद्द, त्यामुळे जिंकलेली रक्कम कोर्टातून मागता येत नाही. शिवाय जुन्या मुंबई इलाख्याच्या 1865 च्या कायद्यामुळे आपल्याकडे पैजेच्या अनुषंगानं केलेले करारही टिकत नाहीत. कोर्टाबाहेरच्या धमकीला मात्र कायद्याचं कलम दाखवून भागत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, भाऊ आणि मित्र दोघं बरोबर गेले. माणूस पुन्हा आला नाही.

ते 38,000 कुणीही भरले नाहीत. भावानं मला फोन करून विचारलं, “भरू का?” आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच “नको,” म्हणाला.

घसरणीनंतर तो स्वतः आला, आठवड्याच्या आत. मार्च 2023 च्या शपथेनंतर घसरला तेव्हा तो दोन वर्षं लपला होता. या फरकाला मी यश म्हणते की नाही हे कोण विचारतंय त्यावर ठरतं. थोरल्या भावाला मी नुसतं एवढं दाखवलं की आठवडा दोन वर्षांपेक्षा लहान आहे. सहा महिन्यांची मुदत आणखी सहा महिने वाढवली, या वेळी मागणी त्याची होती. आयपीएलच्या दिवसांत त्याची बैठक आठवड्यातून दोनदा होणार, हेही वहीत लिहिलं.

गंठण अजून तारणातच आहे. बाई काळ्या मण्यांची साधी पोत घालतात. भिशी फिटल्याशिवाय सोडवायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं. बेन्टेक्सचं त्यांनी टाकून दिलेलं नाही, का ते मी विचारलं नाही.

शनिवारी आमच्याकडे घरच्यांची बैठक असते, बहुतेक दारुड्यांच्या बायका आणि आया. मागच्या महिन्यात या बाई कुणाला तरी बरोबर घेऊन आल्या. जामीनदार मित्राची बायको. नोटिशीच्या भीतीनं तिच्या घरात वर्षभर भांडणं चालली होती, आणि तिचा नवरा आयुष्यात कधी पत्त्याला शिवलेला नाही. तिला फॉर्म दिला. ‘व्यसनाचा प्रकार’ या रकान्यावर तिनं सरळ रेघ ओढली. ‘रुग्णाशी नाते’ इथं पेन थोडा वेळ अडला. मग तिनं लिहिलं : जामीनदाराची बायको.